पंपाच्या झडपेवरची तार

बाटल्या भरण्याच्या कारखान्याच्या मॅनेजरने मला फसवले. माझी सही घेतली आणि तिच्या आडोशाला स्वतः लपला. लढाईच्या वर्षांतली ही गोष्ट.

नगरच्या छावणीसाठी बिअर भरणारा तो कारखाना भिंगारच्या वाटेवर होता. बाटल्यांवर कागद चिकटवणारे एक जुने यंत्र तिथे होते आणि त्याला लागणारी खळ मी पुरवायचो. मी मिरजगावकडचा. चिंचोक्याची खळ करायला घोंगड्या विणणाऱ्यांकडे शिकलो. घोंगडी ताठ राहावी म्हणून ते ती लावतात. लढाईत गव्हाचे पीठ मिळेना, तेव्हा कारखाना माझ्या दारात आला. कागद नसलेली बाटली लष्कर परत पाठवायचे, त्यामुळे मी भाव तसूभरही उतरवला नव्हता.

त्या थंडीत निरोप आला: खळ खराब आहे, पुढची खेप नको. मी तडक गेलो.

"तुमच्या खळीनं पंप बंद पाडला," मॅनेजर म्हणाला. "चिंचोके कुटता की दगड?"

"तुमच्यासमोर फडक्यातून गाळतो. एक खडा निघाला तर सगळा डबा पिऊन दाखवतो."

गाळली. काही निघाले नाही. मग मी यंत्र चालवणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. शहरातले मुसलमान गृहस्थ, पन्नाशीचे, हात कायम तेलकट. ते म्हणाले, "सकाळच्या पारी येऊन बगा, शेठ. दुपारी ह्यो पंप लई शहाणा असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पंप पितळी होता, तांब्याएवढा, इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा. भांड्यातली खळ ओढून नळीने वरच्या, कागदांना खळ लावणाऱ्या रुळावर सोडायची, एवढेच त्याचे काम. इंजिन सुरू झाले तशी नळी थरथरू लागली. आतून ठोके येत होते, जड आणि बसके. रूळ मात्र कोरडा. नळीला हात लावला तर ती गारठलेली. चिंचोक्याची खळ गार झाली की थिजते. संध्याकाळी पंप रिकामा न करताच माणसे घरी जात होती.

पण मग नळी एवढी का हादरावी? मी वाकून पाहिले. पंपाच्या बगलेत एक लहान झडप होती. नळी तुंबली की ती उघडते आणि खळ परत भांड्यात सोडते. कुणीतरी तिला तारेचे तीन वेढे देऊन आवळले होते.

"ही कुणी बांधली?"

"साहेबांचा हुकूम. झडप उघडली की खळ माघारी जाती अन् कागद कोरडं राहत्यात."

"आणि नळी फुटली तर?"

"म्हून तर मला फुडं हुबा केलाय," मिस्त्री हसून म्हणाले.

मी पंप थांबवायला लावला आणि पकडीने तार तोडली. गरम पाणी सोडल्यावर नळीतून बोटभर लांबीची थिजलेली वात बाहेर आली. भांडे गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवले. तासाभरात कागद चिकटू लागले. मिस्त्रींना म्हणालो, "आता निर्धास्त चालवा."

मॅनेजरला सांगितले, रोज संध्याकाळी पंप धुवा, सकाळी अर्धा तास ऊब द्या, झडपेला हात लावू नका.

"रोज अर्धा तास? लष्कर थांबणार आहे का माझ्यासाठी?" असे म्हणत त्याने कागद पुढे केला. पंप दुरुस्त असून या खळीवर नीट चालतो, असे मी लिहून द्यायचे होते. मी अडून बसलो. उन्हाळ्यापर्यंत खळ माझीच घ्यायची, हे आधी तुम्ही लिहून द्या. त्याने लगेच लिहून दिले. हा माणूस एरवी दोन-दोन दिवस घासाघीस करायचा. झडपेचे काय, मी विचारले. "ते तोंडी ठरलंय की," तो म्हणाला. माझा सौदा झाला होता. मी सही केली.

आठवडाही गेला नसेल. सकाळी खेप उतरवत होतो, तर फाटकापर्यंत तेच ठोके ऐकू आले, पहिल्यापेक्षा जड. डबा टाकून धावलो. दारात पोहोचलो तोवर ठोके थांबले होते आणि पट्टा नुसता फडफडत होता. नळीचा सांधा सुटला होता. सांधा आवळणारी पितळी चाकी उडून मिस्त्रींच्या उजव्या डोळ्यावर बसली होती. झडपेवर नवी कोरी तार होती.

मॅनेजरने मालकांना माझा कागद दाखवला. पंप ठीक होता, खळवाल्याची सही आहे, म्हणजे या खेपेची खळ वाईट. खळ बंद झाली. डोळा गेलेला माणूस यंत्रावर कशाला, म्हणून मिस्त्रींनाही घरी बसवले.

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, मग म्हणाले, "रोज सुरू करायच्या आदी म्या झडप बगायचो, शेठ. तार असली की नळीपुढनं जरा बाजूला ऱ्हायचो. तुमी निर्धास्त चालवा म्हनलात, तवापासून बगितलंच न्हाई."

माझ्या वाट्याचे उत्तर मी तिथेच, मान खाली घालून दिले: झडपेचे लिहून न घेता मी सही केली. उरलेले मॅनेजरने द्यायचे आहे. ती नवी तार कुणाच्या हुकमाने बांधली, हे त्याने मिस्त्रींच्या दारात उभे राहून, त्यांच्या तोंडावर सांगावे.