नको म्हणणारे पाहुणे

परवा खामगावजवळच्या एका लॉनवर लग्नाला गेले होते. हात धुवायच्या जागेशेजारी मोठा निळा ड्रम ठेवलेला, आणि त्यात लोक भरलेल्या प्लेटा उलट्या करत होते. अख्खीच्या अख्खी नान, पनीर, गुलाबजाम. कुणी बळजबरीनं वाढलं नव्हतं. स्वतःच्या हातानं घेतलं आणि स्वतःच्याच हातानं टाकलं. माझं डोकं असं फिरलं की शेजारच्या अनोळखी बाईलाच मी चार शब्द ऐकवले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि प्लेट उलटी केली. त्यानंतर सबंध लग्नभर मला बाबाच आठवत राहिले.

कापूस बाजाराच्या रस्त्यावर आमची खानावळ होती. कापूस घेऊन आलेले शेतकरी, गाड्यांचे ड्रायव्हर, जिनिंगमधले कामगार, असे लोक जेवायला येत. इतर खानावळींत मालक गल्ल्यावर बसे. आमच्याकडे गल्ल्यावर आई आणि बाबा मागे मोरीजवळ, खरकटी ताटं येत तिथं, स्टूल टाकून. प्रत्येक ताट धुण्याआधी त्यांच्या नजरेखालून जाई. वरण उरलं म्हणजे मीठ जास्त पडलं, भाकरीच्या कडा राहिल्या म्हणजे ती कच्ची उतरवली. रोजच्या गिऱ्हाइकाचं ताट अर्धं परत आलं तर ते उठून बाहेर जात. "काऊन भाऊ, तब्येत बरी नाई काय?" गिऱ्हाईक ओशाळून हसे.

वाढायची पद्धतही त्यांचीच. भाकरी अर्धी, भाजी पळीभर, आणि मग "आणू?" हो म्हटलं की लगेच दुसरी अर्धी, पोट भरेपर्यंत. नको म्हटलं की विषय संपला. नवा माणूस ताटातली अर्धी भाकरी बघून नाक मुरडायचा, पण जेवून उठताना त्याची तक्रार नसायची. तरीही उरायच्या त्या भाकरींचे सकाळी चुरून, कांदा-मिरची घालून कुटके होत. ते खाऊनच आम्ही दोघी बहिणी शाळेत जायचो. भाज्यांची देठं आणि सालं शेजारणीच्या बकऱ्यांना. संध्याकाळी खरकट्याची बादली जेमतेम तळाला असायची आणि बाबा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे. लोकांकडे दाखवायला फोटो असतात, आमच्याकडे बादली! तेव्हा मला लाज वाटायची, आणि कुटक्यांचा तर कंटाळा आला होता. आता तसे कुटके खावेसे वाटतात, पण माझ्या हातचे तसे होत नाहीत.

पुढं ताईचं लग्न ठरलं. रोहिणखेडच्या पुढचं गाव, शेतीवाडीचं घर. ताईला मुलगा फार आवडला होता. ती बोलली नाही, पण पोळ्या लाटता लाटता विनाकारण हसायची. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आम्ही खानावळीतच केलं. त्या दिवशी गिऱ्हाईक बंद, आणि पाहुण्यांना वाढायला स्वतः बाबा.

आता आमच्याकडचा पाहुणा कसा जेवतो ते सांगायला हवं. आधी तो नको म्हणतो. मग ताटावर हात आडवा धरतो. वाढणारा "घ्या हो, घ्या" करत त्या हाताखालून जिलेबी सरकवतो, तेव्हा कुठं खरं जेवण सुरू होतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबांनाही असणारच, पण इतकी वर्षं खानावळ चालवून ते अंगातून निघून गेलं होतं. पाहुणे नको म्हणाले आणि बाबा पुढच्या ताटाकडे वळले. सगळ्या पंगतीत त्यांनी हेच केलं. पंगत उठल्यावर मोरीजवळ जाऊन ताटं बघितली आणि खूश होऊन आईला म्हणाले, "पाह्य, एक शीत टाकलं नाई कोणी. काय भली माणसं हायेत!"

ती भली माणसं आमच्याकडून उठून थेट बसस्टँडवर समोसे खायला गेली होती. हे आम्हाला कळलं ते चार-पाच दिवसांनी, मध्यस्थी करणारे दूरचे मामा आले तेव्हा.

"भाऊ, पाहुणे उपाशी उठले तुमच्या घरून," मामा म्हणाले. "पोराची माय म्हणते, पाहुण्याले जे पोटभर वाढत नाईत, त्यायची पोरगी आमच्या घरी काय वाढन? दुसरी पोरगी पाहून राह्यले ते."

"मी सगळ्यायले इचारलं ना! तेच नाई म्हणे!"

"पाहुणा नाई म्हणतेच ना बावा! त्यानं म्हणलं आन् तुमी गेले पुढं?"

ताई आतून सगळं ऐकत होती. ती लाटतच राहिली, पण पोळी कुठल्या कुठं गेली होती. बाबांचा तर मला असा राग आला की मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्याच दिवशी बाबा मामांना आणि मला घेऊन मुलाच्या घरी गेले. मुलाच्या आईनं राग दाखवला नाही, पाट मांडले आणि वाढायला स्वतः आली. तिनं पोळी वाढली, बाबांनी खाल्ली. आणखी वाढली, तीही खाल्ली. वांग्याची भाजी, वरण, पुन्हा पोळी. बाबा नको म्हणेनात आणि ती थांबेना. बाबांच्या कपाळावरून घाम गळायला लागला. मी मामांकडे पाहिलं, मामांनी आढ्याकडे पाहिलं.

शेवटी तीच थांबली. "भाऊ, पोट भरलं असन त सांगा ना."

बाबा घास हातात धरून म्हणाले, "बाई, ताटात टाकणं मले जमत नाई. आन् तुमाले नाराज केलं त पोरीचं नुसकान होते. मंग काय करू? खाऊन राह्यलो."

तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती किती तरी वेळ हसत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "उठा भाऊ, हात धुवा. लग्नाची तयारी करा." मला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

लग्नात बाबांनी कुणालाही तक्रारीला जागा ठेवली नाही. जिलेबीचं ताट घेऊन ते पंगतीत फिरत होते आणि आडव्या हातांखालून जिलेब्या सरकवत होते. ते बघवत नव्हतं इतकं त्यांना ते जमत नव्हतं. अर्ध्या जिलेब्या लोकांच्या मांडीवर पडत होत्या. नवरा-नवरीच्या पानांपाशी आले तेव्हा त्यांनी ताईला "आणू?" असंही विचारलं नाही. एक जिलेबी वाढली.

"बाबा, बस."

त्यांनी दुसरी वाढली.

"बाबा, खरंच नको ना."

त्यांनी तिसरी वाढली. "खाय व माय," ते म्हणाले, "उद्यापासून तुले कोणी इचारन का नाई, मले काय माहीत."

ताईनं मान खाली घातली आणि वाढलेलं सगळं खाल्लं.