पिवळ्याची पाळी

पावसाळ्यात महाबळेश्वर रिकामं होतं, तेव्हा आमच्या हॉटेलात मी आणि धुकं एवढेच उरतो. मग स्टँडवरचा एक टॅक्सीवाला खेळाचा डबा काखेत मारून येतो. खेळ कुणा पर्यटकांचा, त्याच्या गाडीत विसरलेला. भला मोठा पट, त्यावर बेटं, रस्ते, गावं आणि तीन रंगांच्या सोंगट्या.

नवख्याला तो नियम सांगत नाही. पॉइंट दाखवावेत तसं पटावरून बोट फिरवतो. "हितनं लय भारी दिसतंय. पर म्होरं दरी हाय, सायेब. दिसत न्हाई, पर हाय." मला तिथे नुसता पुठ्ठा दिसायचा, आणि दोन चालींनंतर मी दरीत पडलेला असायचो.

तो लाल, मी निळा. पिवळ्यासाठी तो एक खुर्ची ओढून ठेवतो. पिवळ्याची पाळी आली की थांबतो. "ज्येंचा खेळ हाय, त्येंची पाळी," म्हणतो आणि खिडकीतल्या धुक्याकडे बघत राहतो. हळूहळू मीही बघायला लागलो.

काल मी पहिल्यांदाच जिंकण्याच्या बेतात होतो. एकच वाट हवी होती, आणि ती मोकळी होती. पिवळ्याची पाळी आली. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला, मग मान डोलावली आणि पिवळी सोंगटी उचलून नेमकी माझ्या वाटेवर ठेवली.

"अहो, पिवळ्याचं इथे आहे कोण?" मी चिडलोच.

"दिसत न्हाईत, पर हायत."

आणखी भांडायला मी तोंड उघडलं. पण नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे गेली, आणि आवाज आपोआप खाली आला.