जाळ्याचा वाटेकरी

माझ्या सासुरवाडीच्या होडीतून मला एकमताने काढून टाकण्यात आलं. एकमताने, म्हणजे बायकोच्या मतासकट. आणि माणसाला असं कायदेशीर कसं काढतात, हे त्या सगळ्यांना मीच शिकवलं होतं!

आधी माणसं सांगतो. मी म्हसळ्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. बायको सुनंदा दिघीच्या खाडीकडच्या कोळीवाड्यातली. सासरे गेल्यावर होडी तिघांच्या नावावर झाली: सासूबाई, मेहुणा हरेश आणि सुनंदा. हरेश तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य. त्याच्या हाताखाली तीन खलाशी, त्यातले सगळ्यांत जुने धाकूमामा. सात वर्षांपूर्वी नवी जाळी घ्यायची होती, तेव्हा पैसे मी दिले. तिकडे होडीच्या दर खेपेच्या कमाईतून डिझेल आणि बर्फ वजा गेलं की उरलेल्याचे वाटे पडतात. होडीचा वाटा, तांडेलाचा, दर खलाशाचा, आणि जाळ्याचा. हा जाळ्याचा वाटा तेव्हापासून माझा. हंगामात दर आठवड्याला मोबाईलवर पैसे यायचे आणि दारात मासळीची पिशवी. मी पिशवी उघडून फक्त एवढंच विचारायचो, "या वेळी सुरमई नाही वाटतं?"

जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या, माणसं रिकामी. एके दिवशी सासूबाईंचा फोन आला.

"जावयबापू, ही पोरं दिसभर त्या मोबाईलात शेअरच्या टिपा ऐकतात. येक दिवस समदं बुडवतील. तुमी शिकलेले. रविवारी येऊन चार शब्द सांगा."

मला चार शब्दांसाठी बोलावलं की मी चार तासांची तयारी करून जातो. कॉलेजात मी ताज्या आर्थिक बातम्या वाचून गुंतवणूक शिकवतो. ही माझी स्वतःची पद्धत (असं मी प्राचार्यांना सांगितलेलं आहे). पण तिथे मुलांचा एकच प्रश्न असतो, "सर, हे परीक्षेला आहे का?" कोळीवाड्यात परीक्षाच नव्हती. रविवारी मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन हजर झालो. पडवीत हरेश आणि तिन्ही खलाशी बसले. सासूबाई मांडीवर जाळं घेऊन शिवत होत्या, सुनंदा चहा करत होती.

पहिली बातमी होती एका कंपनीची. तिने कर्ज काढून भागधारकांना लाभांश वाटला होता. मी वीस मिनिटांचं विवेचन काढून ठेवलं होतं. पण मी बातमी वाचून चष्मा पुसेपर्यंत धाकूमामा बोलून मोकळे झाले.

"म्हंजे डिझेल उधारीवर आनलं, ते इकलं, आनि वाटे पाडले. मंग होडी बाहेर जानार कशी?"

माझं विवेचन खिशातच राहिलं. दुसऱ्या रविवारी मी जरा अवघड बातमी नेली. तोट्यातली एक कंपनी म्हणत होती, व्याज आणि घसारा धरला नाही तर आम्ही नफ्यातच आहोत.

"व्याज न्हाय धरायचं?" सासूबाईंनी सुई थांबवली.

"नाही."

"आनि इंजिन झिजतं, ते बी न्हाय धरायचं?"

"नाही."

"लय गोड बोलते वो ही कंपनी. इच्याशी सोयरीक नको."

मी खूश होऊन म्हसळ्याला परतलो. वाटेत सुनंदाला म्हणालो, "बघ, शिकवणारा चांगला असला की असं होतं." ती खिडकीबाहेर बघून हसली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

तिसऱ्या रविवारी हातात सोन्यासारखी बातमी होती. एका कंपनीच्या छोट्या भागधारकांनी एकत्र येऊन एका संचालकाला हाकललं होतं. हा संचालक मालकांच्या नात्यातला. बैठकीला कधी येत नसे, धंद्यातलं त्याला काही कळत नसे, पण दरवर्षी आपला मेहनताना मात्र न चुकता उचलत असे. मी पेटलो! तासभर बोललो. "गुंतवणूकदाराने गप्प बसू नये! प्रश्न विचारा! फुकट खाणारा कितीही जवळचा असला तरी त्याला जाब विचारा!" शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, इतका आवाज चढला होता.

"सर," धाकूमामा बशी खाली ठेवत म्हणाले, "आपल्या होडीत बी हाय तसा एक."

"कोण? नाव घ्या!"

हरेश छपराकडे बघत बसला. सुनंदाने कपबशा गोळा करायला घेतल्या. त्यातल्या दोन अजून भरलेल्या होत्या.

"घाबरू नका!" मी म्हणालो. "नातेवाईक असला तर आधी सांगा!"

"तुमी," धाकूमामा म्हणाले.

मी हसलो. एकटाच हसलो. धाकूमामांनी बोटांवर मोजत हिशेब मांडला, "होडीत कवा पाय ठेवलाव? न्हाय. मासलीतलं कलतं? न्हाय. मालकाच्या नात्यातले? व्हय. वाटा कवा सोडलाव? न्हाय."

"अहो, असं उठसूट कोणाला काढता येत नाही!" मी ओरडलो. "एकवीस दिवसांची नोटीस लागते! त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं!" एकवीस दिवसांत सगळे विसरतील, असा माझा अंदाज.

"आज तारीख काय?" सासूबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी हरेशचा मेसेज आला. "भावजी, नोटीस." खाली आणखी एक ओळ. "येताना फरसाण आना, सभेला लागंल." माझ्याच हकालपट्टीसाठी मी म्हसळ्याहून दोन किलो फरसाण घेऊन गेलो!

ते तीन आठवडे मात्र माझे वाईट गेले. सुरमईचा प्रश्न नव्हता (थोडा होता). गेली सात वर्षं स्टाफरूममध्ये मी "आमची होडी", "आमची जाळी" असं म्हणत आलो होतो. ती आमची राहणार की नाही, हे आता त्या पडवीत ठरणार होतं. मी तीन पानी भाषण लिहिलं आणि सभेत उभा राहून वाचायला लागलो.

"मी या होडीत भांडवल घातलं आहे. भांडवल जोखीम उचलतं, म्हणून त्याला वाटा मिळतो—"

"जावयबापू," सासूबाई म्हणाल्या, "जाल्याचा वाटा घेतो त्यानं जालं शिवायचं, अशी रीत हाय आपल्याकडं. सात वरसं शिवतंय कोन?"

त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते, आणि तर्जनीवर दोऱ्याने कापल्याची जुनी खूण होती. मला आठवलं, दोन वर्षांपूर्वी खडकावर जाळं फाटलं होतं. त्या पाच दिवस बसून ते शिवत होत्या, आणि मी म्हसळ्याहून विचारलं होतं, "या आठवड्यात पिशवी नाही आली?" जोखीम हा शब्द मी इतकी वर्षं फळ्यावर लिहितो आहे. ती कोणाच्या बोटांत राहते, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. मला खरोखर लाज वाटली. भाषणाची उरलेली अडीच पानं मी घडी करून खिशात टाकली.

मग हात वर करून मतदान झालं. खलाशी तीन, हरेश, सासूबाई. सुनंदाचाही हात वर गेला.

"अगं, तू?"

"मत देताना नातं बाजूला ठेवायचं, असं तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. मी स्वतः मत देऊ शकत नव्हतो. ज्याचा हितसंबंध आहे त्याने मत देऊ नये, हेही मीच शिकवलं होतं.

पण माणसं दयाळू. धाकूमामांनी निकाल सांगितला, "वाटा मोडत न्हाय. पन फुकट मिलनार न्हाय. येक तर खेपेला चला, न्हायतर सुई धरा."

दिघी-आगरदांडा फेरीबोटीत मी दोन्ही हातांनी कठडा धरून डोळे मिटून उभा असतो, हे सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक आहे. मी सुई धरली.

उरलेले सगळे रविवार मी सासूबाईंच्या समोर बसून जाळं शिवलं. त्या शिकवत, मी चुकत असे. "गाठ सैल सोडू नका," त्या दहादा सांगत, आणि मी मान हलवत असे, अगदी माझ्या विद्यार्थ्यांसारखी. एकदा तर मी विचारलंही, "ही गाठ इतकी महत्त्वाची असते का?" ज्या सुरात मला परीक्षेबद्दल विचारतात, त्याच सुरात. तरी बोटांना पहिला घट्टा आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला.

हंगाम सुरू झाला. पहिली खेप परत यायची होती त्या दिवशी सात वर्षांत पहिल्यांदा मी धक्क्यावर गेलो. होडी लागली, मासळी उतरली, वाटे पडले. सासूबाईंनी माझा वाटा स्वतःच्या हाताने माझ्या हातात ठेवला. "घ्या जावयबापू. ह्यो तुमचा," त्या म्हणाल्या. मी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. मग मी पिशवीत डोकावलो. बोटाएवढी सात-आठ मांदेली होती.

मी आता रीतसर वाटेकरी होतो, घामाचा, घट्ट्याचा. गप्प बसणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात विचारलं, "तांडेल, या खेपेला मासळी इतकी कमी का?"

हरेशने आणि धाकूमामांनी जाळ्याचं एकेक टोक धरलं आणि ते माझ्यासमोर उभं पसरलं. मी रविवारचे रविवार बसून जिथे शिवलं होतं, नेमक्या तिथे भलंमोठं भोक पडलं होतं. त्या भोकातून पलीकडे उभी असलेली सुनंदा मला डोक्यापासून पायापर्यंत स्पष्ट दिसत होती.

"अजून काय इचारायचंय, सर?" धाकूमामा म्हणाले.

मी चष्मा पुसला, खाली बसलो आणि सासूबाईंकडे सुई मागितली. त्यांनी दिली नाही.