मागच्या शिवणीत

आमच्या चौकातल्या दुकानाची पाटी अर्धी ड्रायक्लीनिंगची आणि अर्धी शिलाईची आहे. ड्रायक्लीनिंग भाऊंकडे, शिलाई वहिनींकडे. भाऊ मागच्या खोलीत मशीनच्या घरघरीत असतात, त्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं. वहिनी पुढे काउंटरला असतात, त्यामुळे त्यांना नको तेवढं ऐकावं लागतं. लग्न होऊन त्या दुकानात आल्या तेव्हा गिऱ्हाइकांनीच त्यांना वहिनी करून टाकलं. आता काठी टेकत येणारे आजोबाही त्यांना वहिनीच म्हणतात.

गिऱ्हाइकं तरी काय एकेक! काल दिलेला कोट आज हवा, डाग आमचा नाहीच, तुमच्याच दुकानात पडला, ही बटणं आमची नव्हेत. एक बाई तर 'हा शर्ट आमच्या ह्यांचा नाही' म्हणून तावातावाने भांडत होती, आणि मागून तिचा नवरा आला नि म्हणाला, "अगं, माझाच आहे. तूच आणलास ना?" वहिनींनी शर्टाची पुन्हा नीट घडी घालून दिली.  मी असते तर त्या बाईची अशी खरडपट्टी काढली असती की पुढच्या वेळी तिने नवऱ्यालाच पाठवलं असतं. पण वहिनी बोलत नाहीत. दिवस संपला की खुर्चीत बसतात आणि बराच वेळ नुसत्या बसून राहतात.

तरीही गिऱ्हाइकं त्यांना सोडून जात नव्हती. त्याचं गुपित मला फार उशिरा कळलं. 'इथे धुतलेले कपडे आटत नाहीत,' असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. माझा एक आवडता कोट वर्षानुवर्षं अंगावर तसाच बसायचा आणि मी नवऱ्याला ऐकवायचे, "बघा, एक इंच वाढले नाही." नवरा पेपर थोडा वर धरायचा. खरं म्हणजे मी चांगली सुटले होते, आणि कोट धुवायला गेला की वहिनी गुपचूप त्याच्या शिवणी सैल सोडत होत्या.

ही रीत त्यांच्या सासूने घालून दिलेली. इथे शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या शिवणीत थोडं जास्तीचं कापड दाबून ठेवायचं. कपडा धुवायला आला की ताण कुठे पडलाय, चुण्या कुठे पडल्यात ते बघायचं, माणसाकडे एक नजर टाकायची आणि परत देण्याआधी सैल करायचं नाहीतर आत घ्यायचं. बोलायचं मात्र नाही. सासू म्हणायची, गिऱ्हाइकाचं अंग हा त्याच्या घरचा मामला, आपण त्यात नाक खुपसायचं नाही. माप घेतानासुद्धा वहिनी आकडा मोठ्याने म्हणत नसत. टेपकडे बघायच्या आणि खडूने कापडावर खूण करायच्या.

आता माझ्या दादाबद्दल सांगते. माझा थोरला भाऊ. ड्रायव्हिंग शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. एकटा राहतो, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरतो, पण पँटची इस्त्री मोडू देत नाही. सगळ्या पँटी वहिनींनीच शिवलेल्या आणि धुवायलाही तिथेच.

गेल्या वर्षभरात त्याचे गाल बसले. गळ्याची हाडं वर आली. मी म्हणायचे, "दादा, डॉक्टरकडे चल." तो म्हणायचा, "तुला सगळे आजारीच दिसतात." मी फारच मागे लागले की तो उभा राहायचा आणि पँटच्या कमरेत अंगठा घालून दाखवायचा. "ही बघ. पूर्वीची पँट आहे, जशीच्या तशी बसते. वाळलो असतो तर सैल नसती झाली?"  पँट खरंच मापात होती. मी हात टेकायचे आणि घरी यायचे. रस्त्यात वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय.

एकदा त्याचे धुऊन आलेले कपडे मी कपाटात ठेवत होते. पँट हातात धरली आणि काहीतरी विचित्र वाटलं. मागचे दोन खिसे एकमेकांना जवळजवळ चिकटले होते. पँट उलटी केली. मागच्या शिवणीत एका टाक्याच्या ओळीशेजारी दुसरी, तिच्या आत तिसरी, तिच्याही आत आणखी एक. दाबलेल्या कापडाचा जाड पट्टा झाला होता.  मग माझ्या डोक्यात अशी सणक गेली की पायांत चपला आहेत की नाहीत हेही न बघता मी दुकान गाठलं.

"हे काय आहे?" मी पँट काउंटरवर आपटली.

वहिनींनी नुसती नजर टाकली. "आत घेतलीय थोडी. सैल पडत होती. पट्ट्याखाली चुण्या दिसत होत्या. मास्तर टापटिपीचे, त्यांना गबाळं चालत नाही."

"अहो वहिनी, माणूस वाळत चाललाय! आणि मी काही म्हटलं की हीच पँट माझ्या तोंडावर फेकतो!"

वहिनींचा हात कात्रीवर होता, तो तिथेच राहिला. "मला वाटलं, घरात माहीत असेल," त्या हळूच म्हणाल्या. "घरच्यांना दिसतंच ना. मला ताई, दिवसभर माणसं दिसतच नाहीत. कंबरा दिसतात, बाह्या दिसतात. दिसलं की हात आपोआप चालतो."

मला खूप बोलायचं होतं. पण त्यांचा चेहरा इतका दमलेला होता की मी आपटलेल्या पँटची घडी घालायला लागले. वहिनींनी गळ्यातला टेप चाचपला, मागे जाऊन भाऊंना खुणेने काउंटर बघायला सांगितलं आणि चपला घातल्या. "चला," म्हणाल्या.

दादा नुकताच शिकवणीवरून आला होता. "वहिनी, तुम्ही इकडे कशा?"

"माप घ्यायचंय, मास्तर."

"ते काय घ्यायचं? छत्तीस. नोकरीला लागल्यापासून तेच आहे."

वहिनींनी टेप त्याच्या कमरेभोवती फिरवला, टोकं जुळवली आणि मोठ्याने म्हणाल्या, "तीस."

दादा हसला. "टेप उलटा धरलात."

त्यांनी टेप त्याच्याच हातात दिला. त्याने स्वतः गुंडाळला, वाकून पाहिलं, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग खुर्चीत बसला.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं. थोडं थोडं करत."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, असं शिकवलंय आम्हाला," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "माझं चुकलं, मास्तर."

तो चिडेल असं मला वाटलं. तो गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, "हल्ली बसलं की हाडं टोचायची. मला वाटलं सीटचा फोम गेला. मेकॅनिकशी भांडलो मी. नवी गादी टाकून घेतली." आणि मग माझ्याकडे न बघता, "उद्या जाऊ या डॉक्टरकडे."

गेलो. तपासण्या झाल्या. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उपचार करू, पण आधी आला असतात तर बरं झालं असतं. वहिनींनी विचारलं तेव्हा मी ते जसंच्या तसं सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, पण तेवढंही त्राण नव्हतं माझ्यात. त्या खाली वाकून रिळांच्या डब्यात काहीतरी शोधत राहिल्या.

तेव्हापासून वहिनी बोलायला लागल्या. "कंबर वाढलीय तुमची, सैल करावी लागेल." "खांदे उतरलेत, तब्येत दाखवा कुणाला तरी." आकडा सगळ्यांदेखत मोठ्याने. लोकांना राग येतो. एक जाडजूड बाई आपले सगळे कपडे उचलून घेऊन गेली आणि दारातून ओरडली, "इथे कपडे आटतात!" भाऊ कपाळाला हात लावतात. वहिनी म्हणतात, "गेली तर गेली."

उपचारांनी दादा आणखी खंगला. परवा त्याच्या एका विद्यार्थिनीची लायसन्सची परीक्षा आहे. तिला त्याने शब्द दिलाय, मैदानावर येऊन उभा राहीन म्हणून. सकाळी पँट घालून पाहिली तर ती हातात धरूनच उभं राहावं लागलं. त्याने ती काढली, घडी घातली आणि माझ्याकडे दिली.

"वहिनींना दे. आत घेऊ दे."

"मापाला टेप आणू?"

"नको. त्या घेतील अंदाजाने. आणि किती घेतली ते मला सांगायचं नाही. तूही नाही आणि त्यांनीही नाही."

मी दुकानात गेले. वहिनी म्हणाल्या, "सांगितल्याशिवाय करणं मी सोडलंय, ताई." मी त्यांना दादाचं बोलणं सांगितलं. त्या पँट छातीशी धरून उभ्या राहिल्या. पलीकडे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्यातल्या एकाने खाकरून पाहिलं. वहिनींचं लक्ष नव्हतं.

"बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही मी त्यांना," त्या म्हणाल्या. "अंदाज कसा करू? तुम्हीच दाखवा."

मी दोन्ही हात समोर धरले, दादाची कंबर मधे आहे असं समजून. फार रुंद वाटलं. काल त्याला न्हाणीघरातून धरून आणलं तेव्हा हात कुठवर आले होते ते आठवलं. हात जवळ घेतले. तरी खरं वाटेना. आणखी जवळ घेतले, आणि मग तिथेच थांबले.

वहिनींनी टेप लावला नाही. नुसतं पाहिलं.

"कळलं," त्या म्हणाल्या. "हात खाली घ्या आता, ताई."

मला ते जमेना.