सार्मिनीच्या फोनची काच

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या एका गल्लीत सार्मिनीला सगळेच ‘बू’ म्हणत. बू म्हणजे आई. पाठीवर हळद-चिंचेच्या काढ्याच्या बाटल्यांची टोपली घेऊन ती पंचवीस वर्षं दारोदार फिरत होती, म्हणजे अर्ध्या गल्लीची पोटं तिनेच ताळ्यावर ठेवली होती. पोटची लेक मात्र एकच, वेनिंग. ती सहा वर्षं हाँगकाँगला परक्यांची म्हातारी सांभाळत होती आणि दर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, फोनवर तोंड दाखवत होती.

एका रविवारी तिने विचारलं, “बू, आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करू का?”

सार्मिनीला ‘नको’ म्हणायचं होतं. पण लेकीला ‘परत ये’ म्हणायचं म्हणजे तिच्या पायात खोडा घालायचा.

“तुझी मर्जी,” ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी फोन हातातून निसटून वरवंट्यावर पडला. काच तडकली. डाव्या बाजूला बोट चाले, उजव्या बाजूला चालेना. फोन कापायचं लाल बटण डावीकडे आणि उचलायचं हिरवं उजवीकडे. रविवारी लेकीचा फोन वाजतच राहिला. गिऱ्हाइकांसमोर एवढं वाजू देणं बरं दिसत नाही, म्हणून सार्मिनीने लाल बटण दाबलं. शेजारणीचा फोन मागितला असता, पण शेजारीण ऐकत बसली असती.

बुधवारी ती दुरुस्तीवाल्या न्युग्रोहोकडे गेली.

“साडेचार लाख रुपिया, बू.”

“अरे, अख्खा फोन मी सात लाखांना घेतलाय! चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला!”

“जुनी कोंबडी शिजायला मसाला जास्तच लागतो, बू. ठेवून जाता?”

“आज नको. बुधवार, त्यात बाजारवार पोन. आज उघडलेलं पुन्हा धड बसत नाही.”

जावाच्या माणसाला सात वार पुरत नाहीत, वर पाच बाजारवारही सांभाळावे लागतात. सार्मिनीच्या हिशेबाने चांगला दिवस अठरा दिवसांनी होता, रविवार आणि लेगी. तोवर तिने लेकीचा फोन आणखी दोनदा कापला.

ठरल्या दिवशी न्युग्रोहोने नवी काच बसवली आणि तिथेच फोन वाजला. सार्मिनीने हिरवं बटण दाबलं. वेनिंगचे डोळे सुजलेले होते.

“तीनदा कापलास गं, बू. कळलं मला. नाही केली मी सही. पुढच्या महिन्यात घरी येतेय. आता तरी राग सोड.”

सार्मिनीने काचेचं सांगायला तोंड उघडलं. तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा आनंद फार मोठा होता. न्युग्रोहो खाली वाकून न हरवलेला स्क्रू शोधू लागला.

“बरं,” सार्मिनी म्हणाली. “जेवलीस का?”

घासाघीस न करता तिने साडेचार लाख मोजले, वर काढ्याची एक बाटली ठेवली. जुनी काच न्युग्रोहो कचऱ्याच्या टोपलीत टाकणार होता. ती तिने मागून घेतली आणि रुमालात बांधली.