साडूंचे काळे-पांढरे फोटो

देवाने जगात रंग भरले ही त्याच्या हातून घाईत झालेली चूक आहे, असं मनापासून मानणारा आख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. अमडापूरच्या शाळेत ते चित्रकला शिकवतात, म्हणजे दिवसभर मुलांना रंग भरायला लावतात, आणि घरी आले की कॅमेरा घेऊन जगातले रंग काढून टाकतात.

चिखलीच्या वाचनालयात कधीतरी एका जुन्या परदेशी छायाचित्रकाराचं पुस्तक त्यांच्या हाती पडलं. त्यातली माणसं खिडकीशी ओठ घट्ट मिटून बसलेली, अर्धं तोंड उजेडात, अर्धं काळोखात. साडू त्या छायाचित्रकाराला ‘उस्ताद’ म्हणतात. त्या दिवसापासून साडूंच्या तावडीत सापडलेल्या कुणाचंही अख्खं तोंड फोटोत आलेलं नाही. उस्तादाची खिडकी उत्तरेला होती म्हणून यांनी स्वयंपाकघराची उत्तरेची भिंत फोडून घेतली. तेव्हापासून कुणी फोटोला बसलं की माझी मेव्हणी जिन्यात बसून पोळ्या लाटते. साडूंनी आपल्या पुतणीच्या हळदीचे फोटोही हौसेने काढले. अल्बम आला तेव्हा नवरी अंगाला राख फासल्यासारखी दिसत होती. तिच्या आईने दबकत विचारलं, यात हळद कुठं आहे? साडू शांतपणे म्हणाले, “हळद तं सगळ्यायच्याच फोटोत असते, वहिनी. तुम्ही सावली पाहा.” वहिनींनी लग्नानंतर आठ दिवसांनी लेकीला माहेरी आणून पुन्हा हळद लावली आणि दुसरा फोटोग्राफर बोलावला.

पण साडूंची खरी हौस होती आमच्या सासऱ्यांचा फोटो. सासरे रोहिणखेडकडे वांगी-टमाटे पिकवायचे. सुरकुत्या अगदी उस्तादाच्या पुस्तकातल्या, पण माणूस घडीभर गप्प बसायचा नाही, आणि हसला की पुढच्या दोन पडक्या दातांची खिडकी उघडायची. साडूंनी त्यांना तीन वर्षं दर सुट्टीत बसवलं आणि दर वेळी एकच विनवणी केली, “मामा, तोंड मिटा.” शेवटी तो फोटो साधला. हुबेहूब उस्तादाचा. बुलढाण्याच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. सासऱ्यांनी तो लांब धरून पाहिला आणि मला विचारलं, “हा कोन बुवा हाय? मायावर काऊन चिडला?”

मागच्या वर्षी सासरे गेले. तेरवी आटोपल्यावर साडूंनी मला बाजूला नेलं. म्हणाले, “एवढे फोटो काढले, पन एकातही मामा हसत नाहीत. मीच तोंड मिटाले लावत होतो ना.” मग आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसून टाकाऊ फोटो एकेक करून पाहत गेलो. संध्याकाळकडे एक सापडला. सासरे बसल्याबसल्या खदखदून हसले होते, मान मागे गेली होती आणि चेहऱ्याचा नुसता पांढरा फराटा उमटला होता.

बक्षिसाचा फोटो आता कपाटात आहे आणि तो फराटा बैठकीत. नवखा पाहुणा तो पाहून भिडस्तपणे म्हणतो, सर, फोटो जरा हललेला दिसतो.

साडू चष्मा पुसत सांगतात, “हालला नाही हो. आमचे मामा हसून राह्यले.”