फाटकाच्या डावीकडचा माठ

आमच्या तालुक्याच्या कचेरीत फाटकाच्या डाव्या हाताला पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला आहे. भर उन्हात. काल दाखल्यासाठी गेलो होतो, तेव्हा रांगेतल्या एका म्हातारीने त्यातलं पाणी तोंडाला लावलं, चूळ भरून टाकली आणि शिपायाला म्हणाली, "बाबा, आता यात नुसती चहापत्ती टाक."

"काय करू आजी," शिपाई म्हणाला. "माठ हलवायची सोय नाही. साहेब शेजारच्या तालुक्यात बघून आलेत. तिथं डावीकडंच आहे म्हणे."

तिथला माठ मी पाहिला आहे. तिथे डावीकडे कडुनिंब आहे. ताटकळणारी माणसं पाहून कुणाला तरी कणव आली आणि त्याने माठ सावलीला ठेवला, एवढीच त्या उपक्रमाची कथा. आमचे साहेब दोन गाड्या भरून अभ्यास दौऱ्याला गेले. फोटो काढले, फाटकापासूनचं अंतर टेपने मोजलं, फलकावरचा मजकूर शब्दन् शब्द उतरवून घेतला. मान वर करून मात्र एकानेही पाहिलं नाही. माकडं पाठवली असती, तर त्यांना निदान झाड तरी दिसलं असतं.

म्हातारी पाणी मागायला समोरच्या टपरीवर गेली. तेवढ्यात फाटकातून एक गाडी आत आली. तिसऱ्या एका तालुक्याचे साहेब लगबगीने उतरले आणि माठापाशी गेले. मागून उतरलेल्या कारकुनाच्या हातात टेप होती.